घरच्या मत्स्यालयातील मृदू प्रवाळ: स्थिर पाणी हाच आधार

मृदू प्रवाळ दिसतात झुडपांसारखे, परंतु ते प्राणी आहेत. त्यांच्या वसाहतीत असंख्य लहान पॉलिप असतात आणि प्रत्येक पॉलिपच्या मुखाभोवती पिसांसारखे आठ संस्पर्शक असतात. कठीण प्रवाळांप्रमाणे ते चुनखडीचा सलग सांगाडा बांधत नाहीत. त्यांच्या मांसल शरीरात चुन्याचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. त्यामुळे समुद्री मत्स्यालयात प्रथमच प्रवाळ ठेवणाऱ्यांना सहसा याच गटापासून प्रारंभ करण्याचा सल्ला दिला जातो. तरीही घरगुती टाक्यांत ते अनेकदा दगावतात. त्यामागे एखाद्या रोगापेक्षा पाण्यातील वारंवारचे चढउतार आणि पाळणाऱ्याची घाई हीच कारणे बहुधा असतात.

टाकीची पूर्वतयारी

इंडोनेशियातील जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातील जिवंत खडक, समुद्राचे पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर त्यांनी प्रवाळ जगवले होते. खडकांच्या छिद्रांत वाढणारे जिवाणू प्राण्यांच्या उत्सर्जनातील विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, हे त्यामागील तत्त्व होय. आजच्या मत्स्यालयांचाही पाया हाच आहे. भारतात मात्र समुद्रातून प्रवाळखडक उचलता येत नाही. त्याऐवजी कोरडा कृत्रिम खडक वापरून त्यावर जिवाणू वाढू द्यावेत. या प्रक्रियेस साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट शून्यावर येऊन स्थिरावल्याशिवाय टाकीत प्रवाळ सोडू नये.

नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि काही वेळा तांब्याचा अंश असतो. प्रवाळ व अन्य अपृष्ठवंशीय जिवांना तांबे घातक ठरते. यासाठी शुद्धीकरण केलेल्या पाण्यात समुद्री मिठाचे मिश्रण विरघळवून पाणी तयार करावे.

पाण्याचे प्रमाण

तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस, क्षारतेचे प्रमाण दर हजारी ३५ भाग, सामू ८.१ ते ८.४ आणि कॅल्शियम प्रतिलिटर ४०० ते ४५० मिलिग्रॅम असावे. यांपैकी एखादा आकडा किंचित कमी-अधिक झाला तर मृदू प्रवाळ सहसा तग धरतात. तो एका दिवसात वर-खाली झाला तर मात्र पॉलिप मिटतात. म्हणून आदर्श आकडा गाठण्यासाठी एकाच वेळी रसायने ओतण्यापेक्षा बदल अनेक दिवसांत विभागून करणे श्रेयस्कर ठरते.

टाकीतील पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागे राहते. त्यामुळे घटलेली पातळी खाऱ्या नव्हे, तर शुद्ध गोड्या पाण्याने दररोज भरून काढावी. दर आठवड्यास सुमारे दहा टक्के पाणी बदलावे. लहान टाकीत हे चढउतार वेगाने होतात. १५० ते २०० लिटरची टाकी नवशिक्यास अधिक सोयीची असते.

अतिस्वच्छ पाणी हेही हितावह नसते. नायट्रेट व फॉस्फेट पूर्णतः नाहीसे झाल्यास अनेक मृदू प्रवाळ निस्तेज होऊन आक्रसतात. नायट्रेट प्रतिलिटर २ ते १० मिलिग्रॅम असणे त्यांना मानवते.

प्रकाश, प्रवाह आणि निवड

बहुसंख्य मृदू प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वास करते आणि प्रकाशसंश्लेषणाने तयार झालेल्या अन्नाचा वाटा यजमानाला देते. मध्यम तीव्रतेचा प्रकाश दिवसातून आठ ते दहा तास पुरेसा असतो. नवा प्रवाळ प्रथम टाकीच्या तळाशी ठेवून काही आठवड्यांत हळूहळू वर न्यावा. पंपाचा झोत थेट त्याच्या अंगावर येऊ नये. पाण्याचा प्रवाह दिशा बदलणारा असावा.

सार्कोफायटन आणि सिन्युलॅरिया हे चिवट प्रकार नवशिक्यांसाठी योग्य आहेत. सार्कोफायटन अधूनमधून पॉलिप मिटून घेतो व अंगावरील मेणचट थर टाकून देतो. हा काळ काही दिवसांचा असतो. तो मृत समजून टाकून देणे ही नेहमी घडणारी चूक आहे. झेनिया सोपा, परंतु अनुकूल टाकीत झपाट्याने पसरणारा. याउलट भडक रंगांच्या डेंड्रोनेफ्थियाच्या शरीरात शैवाल नसते. त्याला सतत सूक्ष्म अन्न लागते आणि घरगुती टाकीत तो बहुतेक वेळा उपासमारीने मरतो. सौंदर्यास भुलून तो घेऊ नये.

मृदू प्रवाळ शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी पाण्यात रसायने सोडतात. वसाहतींत पुरेसे अंतर ठेवावे आणि गाळणीत सक्रिय कोळसा वापरून तो नियमित बदलावा. त्यांच्यासोबत विकल्या जाणाऱ्या काही झोअँथिड जातींत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. त्यामुळे टाकीत हात घालताना हातमोजे वापरावेत आणि असे खडक कधीही उकळू नयेत.

उन्हाळा आणि वीजपुरवठा

भारतीय उन्हाळ्यात टाकीचे तापमान सहज ३० अंशांपलीकडे जाते. अशा वेळी प्रवाळ सहजीवी शैवाल गमावून पांढरे पडतात. समुद्रातही हेच घडते. लक्षद्वीप येथे १९९८, २०१० आणि २०१६ साली प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले. घरी पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावल्यास तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. त्याने भागत नसल्यास शीतक यंत्र लागते. वीज खंडित झाल्यास पाण्यातील प्राणवायू घटतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा.

कायद्याची चौकट

प्रवाळभित्ती बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ यांचा २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. कच्छचे व मन्नारचे आखात, लक्षद्वीप, अंदमान-निकोबार किंवा मालवण येथून असे प्रवाळ काढणे वा त्यांचा व्यापार करणे गुन्हा आहे. यांपैकी समुद्रपंखे आणि ऑर्गन पाइप हे मृदू प्रवाळांचेच आप्त असल्याने केवळ ‘मृदू’ या नावावर विसंबून खरेदी करू नये. जातीचे नाव व उगम यांची लेखी माहिती विक्रेत्याकडून घ्यावी.

यावर समंजस मार्ग म्हणजे मत्स्यालयातच वाढवलेले तुकडे. सार्कोफायटनचा तुकडा धारदार पात्याने कापून जाळीच्या साहाय्याने खडकावर सैलसर बांधल्यास तो काही आठवड्यांत रुजतो. एका निरोगी वसाहतीपासून अशा अनेक वसाहती तयार होतात आणि तेवढ्यांपुरती समुद्रातून प्रवाळ काढण्याची गरज उरत नाही.