हजेरी त्यांनी घेतली, पुरावा आम्ही द्यायचा?

‘हातात कौशल्य असेल तर काम मिळतेच, जात कोण विचारतो?’ असे आज सर्रास म्हटले जाते. आम्ही सोलापूरचे कार्यकर्ते उलट विचारतो: ते कौशल्य शिकण्याची मुभा कोणाला होती?

1877 मध्ये इथे जुनी मिल सुरू झाली आणि पोटासाठी माणसे चहूकडून आली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकराचे घर हीच त्याची शाळा होती. दुष्काळाने गाव सोडलेल्या अस्पृश्य मजुराला अशी शाळा नव्हती. दोघेही स्थलांतरितच, पण एकाच्या गाठोड्यात हुन्नर होता, दुसऱ्याच्या गाठोड्यात फक्त जात.

मग गिरणीत शिकायचे! गिरणीतले शिक्षण म्हणजे जाणत्या कामगाराशेजारी उभे राहून हात बसवणे. मुंबईच्या गिरण्यांत हीच वाट अडवलेली होती. विणताना धाग्याला तोंड लावावे लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना जास्त मजुरीच्या विणाई खात्यात येऊ दिले जात नव्हते. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. खाते बंद म्हणजे नुसती मजुरी बुडाली असे नाही, प्रशिक्षणच बुडाले.

म्हणूनच 1924 मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर औद्योगिक शाळाही होत्या. सभेचे वसतिगृह जानेवारी 1925 मध्ये सोलापुरातच निघाले, हे आपल्या तरुणांनी विसरू नये.

याच शहरात सेटलमेंट होती. इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवले, त्यांची हजेरी घेतली आणि गिरण्यांत कामाला लावले. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला.

1950 पासून सरकारी कारागीर प्रशिक्षण सुरू झाले. आयटीआयच्या राखीव जागांमुळे जी विद्या घरातून मिळत नव्हती ती वर्गात मिळू लागली. पण त्या जागेसाठी जातीचा दाखला हवा आणि दाखल्यासाठी महाराष्ट्रातल्या जुन्या रहिवासाचा पुरावा हवा: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा. ज्याचा आजोबा पालावर जन्मला, बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरला, शाळेची पायरी चढला नाही, त्याच्या नातवाने सातबारा आणायचा कुठून? स्थलांतर हीच ज्यांची जगण्याची रीत होती, त्यांच्याकडेच स्थिर पत्त्याचा कागद मागणे हा नवा विटाळ आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. ज्या सरकारी यंत्रणेने आजोबांना हजेरीच्या वहीत नोंदवले, तिनेच त्या नोंदी शोधून नातवाच्या हाती द्याव्यात. जिथे नोंदच नाही तिथे गृहचौकशी करून दाखला द्यावा, आणि तोही प्रवेशाची यादी लागण्याआधी.

तोवर वस्तीवस्तीत जाऊन दहावीच्या मुलामुलींचे कागद आत्ताच तपासा. जून उजाडल्यावर धावाधाव करून जागा हाती लागत नाही.

जय भीम!