माळवदावरचं पाणी

मिरगाच्या आधी माळवदावर माती टाकून घ्यायची, हे मराठवाड्यातल्या घरधन्याचं ठरलेलं काम. बी-बियाणं, औतफाटा यांची ओढाताण असायचीच, पण डोक्यावरचं छत त्याच्याही आधी. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत या तालुक्यांच्या जुन्या गावठाणांत अजून काही माळवदं तग धरून आहेत. कुठे त्यांच्यावर पत्रे चढलेत, कुठे शेजारच्या स्लॅबचं पाणी त्यांच्यावर पडतं. सपाट छतावर साचणाऱ्या पाण्याचं काय करायचं, या प्रश्नाशी या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या झुंजत आली आहेत, आणि त्या झुंजीची एक कुळकथा आहे.

सपाट छत इथं रुजलं ते हवामानामुळे. कोकणात पाऊस कोसळतो, तिथं उतरतं कौलारू छप्परच हवं. हिंगोलीकडे वर्षाला साधारण आठ-नऊशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत विखुरलेला. उन्हाळा मात्र भाजून काढणारा. जाड मातीचं छत दुपारची आग वरच अडवतं, रात्री त्यावर बाजा टाकून झोपता येतं, दिवसा मिरच्या, कुरडया, डाळी वाळवता येतात. दगडी किंवा मातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलच, म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, दाटीनं लावायची. त्यावर लिंबाचा किंवा तरवडाचा पाला, कडवट असला की वाळवी जरा लांब राहते. मग माती. घरात उजेड यावा, चुलीचा धूर जावा म्हणून छताला सवणं ठेवायचं आणि त्याच्याभोवती मातीचा उंच काठ करायचा, म्हणजे वरचं पाणी आत ढळत नाही.

सगळी मेख होती मातीत. दारातली काळी माती यासाठी कुचकामी. ती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पहिल्या पावसात तीच भेग घरात धार सोडते. छतासाठी लागायची पांढरी, म्हणजे गावठाणाच्या टेकाडाची माती. पडक्या घरांच्या भिंती, चुलीची राख, शेण हे सारं शेकडो वर्षं मुरून झालेली. ही माती काळीसारखी फुगत-आक्रसत नाही. तेर, पैठणसारख्या गावांत याच पांढरीतून सातवाहनांच्या काळची खापरं आणि मणी निघतात. म्हणजे जुन्या वस्तीची माती नव्या वस्तीच्या डोक्यावर चढत होती. घरोघरच्या माळवदांसाठी खणून नेलेल्या टेकाडांबरोबर किती इतिहास गेला, याची हळहळ मला कायम वाटते.

वरच्या थराला खारी माती मिळाली तर उत्तम. शेतकरी ज्या चोपण जमिनीला शिव्या घालतो, कारण तिच्यावर पाणी नुसतं उभं राहतं आणि खाली मुरत नाही, तोच गुण छतावर हवा असतो. क्षारातल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन बारीक छिद्रांत जाऊन बसतात आणि वाट बंद होते. वर गवतही फारसं धरत नाही. अशा मातीला धुमसानं चोपून मागच्या किंवा बाजूच्या अंगाला किंचित उतार द्यायचा आणि कडेला पन्हळ बसवायची, लाकडाची, दगडाची नाहीतर पत्र्याची. पन्हळीचं टोक भिंतीपासून चांगलं हातभर पुढं हवं. नाहीतर छत वाचतं आणि भिंत भिजून फुगते.

एखाद-दुसरी सर माळवद सहज पचवतं. वरची माती ओली होऊन मिटते, उरलेलं पाणी पन्हळीनं जातं. कसोटी लागते झडीत. दोन-तीन दिवस सूर्य दिसत नाही, माती पोटभर पाणी पिऊन जड होते, आणि जिथं बाजेचे पाय रुतले होते, जिथं खालची किलच वाकली आहे, तिथं डबकं धरतं. डबक्याखाली उंदराचं बीळ निघालं की घरात परात मांडायची वेळ. मग रात्री-अपरात्री कुणीतरी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन वर जायचं, हातानं चाचपून बीळ शोधायचं, त्यात कोरड्या पांढरीची मूठ दाबायची आणि टाचेनं गच्च करायचं. कोरडी माती यासाठी घरात टोपलीभर राखून ठेवलेली असे. गळती थेंब पडतो त्याच्या अगदी वर नसते. पाणी किलचीच्या अंगानं दोन हात सरकून मग टपकतं, हे घरातल्या जाणत्या माणसाला माहीत असायचं.

डबकं पडलेली जागा पुढच्या वैशाखात भरून काढायची. इथंच या कथेतली दुखरी गाठ आहे. दर वर्षी भर पडायची, जुनी माती उतरवायला फारसं कुणी जायचं नाही. शंभर चौरस फुटांवर एक फूट थर म्हणजे बरोबर एक ब्रास माती, साडेचार-पाच टनांचं ओझं. आजोबांच्या वेळचा फूटभर थर नातवाच्या वेळी दोन फुटांवर गेलेला असायचा. पाण्यावरचा इलाज साठत साठत छताचं वजन झाला होता.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला धरणी हादरली. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून माणसं नुकतीच निजली होती. लातूर-उस्मानाबाद भागात आठ-दहा हजार माणसं गेली. चिखलात रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती फुटल्या आणि वरची माती खाली आली. खांब-तुळयांचा सांगाडा कित्येक ठिकाणी उभाच होता, हे पाहणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवलं. म्हणून उभ्या घरांसाठी सल्ला दिला गेला तो साधा होता: भिंतीत आरपार दगड बसवा, माळवदावरची माती उतरवून थर पातळ करा, खाली प्लास्टिकचा कागद घाला. पण भीती सल्ल्यापेक्षा मोठी होती. हिंगोलीकडेही तिचा परिणाम दिसला. ज्याची ऐपत झाली त्यानं माळवद उतरवलं आणि स्लॅब टाकला, ज्याची नव्हती त्यानं पत्रे.

स्लॅब टाकल्यावर पहिलं काम म्हणजे त्यावर पाणी साचवणं. मातीचे किंवा कच्च्या सिमेंटचे छोटे बांध घालून वाफे करतात आणि आठ-पंधरा दिवस भरून ठेवतात, कारण सिमेंट पाण्यातच घट्ट होतं. नंतर मात्र तेच पाणी वैरी. कित्येक स्लॅब पाणसळीत अगदी सपाट भरले जातात, उतार नंतर कोब्यात, म्हणजे वर घालायच्या थरात, काढू असं ठरतं, आणि पैसे संपले की कोबा राहून जातो. दहा फुटांना निदान सव्वा इंच उतार हवा, तो कुठेच नसतो. चार इंची एकच पाइप, त्याच्या तोंडाशी पिंपळाची पानं आणि प्लास्टिकची पिशवी. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया उघड्या गंजत उभ्या, त्यांच्या बुडाशी पाणी आत उतरतं. आतलं लोखंड गंजून फुगतं आणि खालून पोपडे सुटतात. माळवदात भोक सापडायचं आणि मुठीनं बुजायचं. स्लॅबची ओल कुठून आली हे सहसा वरून दिसत नाही.

त्यावर गवंडी सांगतो तो विटांच्या तुकड्यांचा कोबा. तुकडे मसाल्यात उभे बसवून, पाइपाकडे उतार काढून, कठड्याच्या कडेला गोलाई देऊन केलेला कोबा खरोखर चांगला टिकतो. पण चार इंची कोबा शंभर चौरस फुटांवर जवळजवळ पावणेदोन टन भरतो. दहा-बारा वर्षांनी तो तडकला की जुना न काढता त्यावरच दुसरा थर चढवण्याची पद्धत पडत चालली आहे. हे मला सगळ्यात चिंतेचं वाटतं, कारण जमीन अजून शांत नाही. 21 मार्च 2024 च्या सकाळी कळमनुरी तालुक्यात 4.5 रिश्टरचा धक्का बसला, त्याच वर्षी 10 जुलैला पुन्हा तेवढाच. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावात जमिनीतून येणाऱ्या आवाजांनी लोक कित्येक वर्षं धास्तावलेले आहेत. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनानं पत्र्यांवर ठेवलेले दगडसुद्धा उतरवून घ्यायला सांगितलं होतं.

म्हणून गळका कोबा असेल तर तो आधी पूर्ण फोडून खाली उतरवावा, मगच नवा करावा. नवं घर बांधणाऱ्यानं सेंट्रिंग लावतानाच पाणसळ धरून उतार काढून घ्यावा, त्याला जादा सिमेंट लागत नाही. पाइप एक नको, दोन हवेत. आणि मिरगाच्या आधी एकदा वर जाऊन त्यांची तोंडं मोकळी करावीत.