फिर्याद कोणाची?

फौजदारी खटल्याच्या कागदांचे पहिले पान पाहिले, तर फिर्यादी पक्षाच्या जागी माणसाचे नाव नसते. तेथे सरकार असते. ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक अमुक’ अशी ती ओळ. ज्याला मार बसला, ज्याची घागर फोडली, तो त्या खटल्यात केवळ साक्षीदार. वकिलाच्या डोळ्यांस ही ओळ इतकी सवयीची होते की पुढे पुढे तो ती वाचीतही नाही. माझे आयुष्य सरकारी वकिलीत गेले. त्यातली काही वर्षे नागरी हक्क संरक्षणाचे आणि अत्याचार प्रतिबंधाचे खटले चालविणाऱ्या सरकारी वकिलांच्या एका लहानशा गटाचा प्रमुख म्हणून गेली. निवृत्तीनंतर लोणी काळभोरला स्वस्थ बसून जुने निकाल पुन्हा वाचू लागलो, तेव्हा वाटू लागले की अस्पृश्यतेविरुद्धच्या कायद्यांचा आपल्याकडील इतिहास बराचसा या एका ओळीभोवती फिरला आहे. फिर्याद कोणाच्या नावाने उभी राहावी, आणि ती मिटविण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा, हा तो वाद.

लोणी म्हटल्यावर अभ्यासू वाचकास कोट्स साहेबाचे लोणी आठवेल. पेशवाई बुडाल्यानंतर लगेच त्याने एका दख्खनी खेड्याचे बारकाईने वर्णन लिहिले आणि पुढे डॉ. घुर्ये यांनी त्याच गावावर पुस्तक केले. पण ते नगर रस्त्यावरचे लोणीकंद. आमचे लोणी सोलापूर रस्त्यावरचे. थेऊरचा चिंतामणी जवळ, रामदरा जवळ, कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, आणि या काळात तेल कंपन्यांच्या प्रचंड टाक्या. दख्खनच्या जुन्या नदीकाठच्या गावांची घडण मात्र सर्वत्र सारखीच असे. गावकुसाच्या आत वाडे व देवळे, बाहेर महारवाडा व मांगवाडा. पाणवठे ठरलेले, वरच्या अंगाचा गावाचा आणि खालच्या अंगाचा बाहेरच्यांचा. ही व्यवस्था कोणत्याही कागदावर लिहिलेली नव्हती. म्हणूनच ती कायद्याने मोडावयाची तर प्रथम कोणीतरी फिर्याद करावयास हवी होती.

महाडला काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे, परंतु त्या प्रकरणाचे न्यायालयीन रूप फारसे कोणी पाहत नाही. रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात 1923 साली संमत झाला आणि महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी त्या तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर कोर्टात कोण गेले? ज्यांना मारहाण झाली त्यांच्या पाण्याच्या हक्कासाठी सरकार गेले नाही. डिसेंबर 1927 मध्ये दिवाणी दावा लावला तो महाडच्या सवर्ण गृहस्थांनी, आणि त्यात प्रतिवादी होते डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी! सार्वजनिक तळ्याचे पाणी पिणाऱ्याने, मी का प्यालो याचा खुलासा करावयाचा, तोही आपल्या खर्चाने. हे प्रकरण खालच्या कोर्टापासून ठाण्याच्या अपिलापर्यंत आणि तेथून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत चालले. 17 मार्च 1937 रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला की वादींनी सांगितलेली अनादि वहिवाट शाबीत झालेली नाही. (1922 साली अहमदाबादेस गांधींना सहा वर्षांची शिक्षा देणारे ब्रूमफील्ड ते हेच.) घोटभर पाण्यास दहा वर्षे लागली. आणि जिंकूनही हाती आले ते एवढेच, की या तळ्यापुरती रूढी सिद्ध झाली नाही. तिला कोणी गुन्हा म्हटले नव्हते.

गुन्हा हा शब्द आला तो खेर मंत्रिमंडळाच्या काळात. मुंबई प्रांताने 1946 च्या अधिनियमाने हरिजनांच्या सामाजिक अडचणी दूर करण्याचा आणि 1947 साली मंदिरप्रवेशाचा कायदा केला. तरीही दिवाणी दाव्याची जुनी खोड गेली नाही. स्वामीनारायण पंथाच्या अनुयायांनी, आम्ही हिंदूच नव्हेत, सबब मंदिरप्रवेशाचा कायदा आमच्या मंदिरांस लागू नाही, असा दावा 1948 साली लावला. त्याचा शेवट 1966 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात झाला, आणि निकाल लिहिला आपल्या साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी. दावा फेटाळला गेला. पण येथेही प्रतिवादी म्हणून अठरा वर्षे उभे होते ते दलितांचे पुढारी मूळदास वैश्य.

संविधानाच्या 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि 1955 चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम त्या वर्षीच्या 1 जूनपासून अमलात आला. आता गुन्हा दखलपात्र झाला. फौजदाराने तपास करावा, सरकारने खटला चालवावा, आणि कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरून घडले असे न्यायालयाने, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरावे, अशी मजबूत तरतूद. मात्र त्याच कायद्यात एक लहानसे कलम असे होते की न्यायालयाच्या परवानगीने गुन्हा आपसांत मिटविता येई. शिक्षाही जास्तीत जास्त सहा महिने किंवा पाचशे रुपये दंड; कमीत कमी किती, याचे बंधन नाही.

तडजोड हा शब्द कानास गोड लागतो. गावात भांडण नको, असे म्हणणारा माणूस समंजस ठरतो. परंतु तडजोड करणाऱ्या दोघांची पायरी कोणती हे पाहिले पाहिजे. 1955 साली महारवतन जिवंत होते. गावकीची कामे करावयाची आणि त्याबद्दल बलुते घ्यावयाचे ते त्याच शेतकऱ्यांकडून, ज्यांच्याविरुद्ध फिर्याद द्यावयाची. या वतनाच्या बेडीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी 1928 सालीच कौन्सिलात विधेयक आणले होते. कनिष्ठ वतने नष्ट करणारा मुंबईचा कायदा झाला 1958 साली आणि लागू झाला 1 ऑगस्ट 1959 पासून. म्हणजे पाण्याचा हक्क आधी दिला आणि तो मागावयास लागणारे पोटाचे स्वातंत्र्य मागून, चार वर्षांनी. अशा माणसाने कोर्टात ‘आमच्यात समेट झाला आहे’ अशी पुरसीस दिली, तर तिच्यावर अंगठा त्याचा असे आणि शब्द दुसऱ्याचे.

याच सुमारास अमेरिकेत काय घडले ते पाहण्याजोगे आहे. तेथे 1957 च्या नागरी हक्क कायद्यानंतर केंद्रीय न्याय खात्यात नागरी हक्कांचा स्वतंत्र विभाग निघाला. कायद्यात आपण दोन वर्षे पुढे होतो, वकिलांच्या व्यवस्थेत मागे. त्या विभागातले जॉन डोअर यांच्यासारखे वकील दक्षिणेतल्या परगण्यांत स्वतः जाऊन मतदारनोंदणीची दप्तरे तपासू लागले. कोणत्या काळ्या शिक्षकाचा अर्ज फेटाळला आणि कोणत्या अर्धशिक्षित गोऱ्याचा मान्य केला, हे रकान्यांनी दाखवू लागले. 1964 साली मिसिसिपीत तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला, तेव्हा 1967 साली डोअर यांनीच खटला चालवून सात आरोपींना दोषी ठरविले. आपल्याकडे त्या वर्षांत हे काम तालुक्याच्या कोर्टात पोलीस प्रॉसिक्युटर करीत असे. त्याच्या हाती चोरी, मारामारी, दारूबंदी यांच्या ढिगात हीही एक फाईल असे.

इळयापेरुमाळ समितीचा अहवाल 1969 साली आला. बदल व्हावयास 1976 उजाडले. त्या वर्षीच्या 19 नोव्हेंबरपासून कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. किमान एक महिन्याची कैद ठरली आणि तडजोडीचे कलम गेले. खटल्यांवर देखरेख ठेवणारे अधिकारी नेमणे, फिर्यादीस कायद्याचे साहाय्य देणे, ही राज्यांची जबाबदारी झाली. मध्यंतरी 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात साहाय्यक सरकारी अभियोक्ते नेमण्याची व्यवस्था केली होती. तरी महाराष्ट्रात हे वकील पोलीस खात्याच्या छायेतच राहिले. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणी 1995 साली सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले की यांचे वेगळे संवर्ग करा आणि त्यांचा प्रमुख सरकारास थेट जबाबदार ठेवा. ज्याने तपास केला त्याच्याच हाताखालच्या वकिलाने त्या तपासातली भोके दाखवावी, ही अपेक्षाच मुळी विचित्र होती.

सरकारचे नाव फिर्यादीवर असल्याने काय होऊ शकते, याचे मला सर्वांत आवडते उदाहरण शेजारच्या कर्नाटकातले आहे. एका गावी नव्या बोअरवेलचे पाणी दलितांना भरू दिले नाही. दंडाधिकाऱ्याने आरोपींना शिक्षा दिली, सत्र न्यायाधीशांनी ती कायम केली, उच्च न्यायालयाने मात्र आरोपींना सोडले. तेथे गोष्ट संपली असती. पण कर्नाटक सरकारने अपील केले आणि डिसेंबर 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी पुन्हा कायम केली. निकालाचे नाव कर्नाटक राज्य विरुद्ध अप्पा बाळू इंगळे. महाड आणि हे प्रकरण शेजारी ठेवून पाहावे. पाणी तेच; फक्त पाणी पिणारा आता प्रतिवादी नव्हता आणि दिल्लीपर्यंतचा खर्चही त्याच्या बोडक्यावर नव्हता.

1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा 30 जानेवारी 1990 पासून लागू झाला. त्याने विशेष न्यायालय आणि विशेष सरकारी अभियोक्ता दिला. 1995 च्या नियमांनी तपास पोलीस उपअधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याने करू नये असे ठरविले. आमच्या गटाकडे खटले येत ते याच कायद्याखालचे. कामाची पद्धत साधी होती. महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, त्या महिन्यात ज्या खटल्यांत आरोपी सुटले त्यांचे निकाल मोठ्याने वाचावयाचे आणि खटला नेमका कोठे निसटला ते शोधावयाचे. न्यायाधीशांवर टीका करावयास तेथे बंदी होती. बहुतेक वेळा उत्तर दुःखद रीतीने क्षुल्लक निघे. फिर्यादीचा जातीचा दाखला दप्तरी आलाच नव्हता. तपास हवालदाराने केला आणि मोठ्या साहेबांनी नुसती सही केली. शिवीगाळ ‘लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी’ झाली, हे दाखविणारा त्रयस्थ साक्षीदार जबाबातच नव्हता. म्हणून दोषारोपपत्र कोर्टात जाण्यापूर्वीच ते आमच्या एका तरुण सहकारी बाईंनी वाचावे असा पायंडा आम्ही पाडला. एका पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यास तो अपमान वाटला आणि त्यांनी वरपर्यंत तक्रार केली. बाई पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच ठाण्यात जाऊन बसल्या.

क्षुल्लक चुका दुरुस्त करता येत. फितूर साक्षीदाराचे काय करावयाचे? कायद्याने तडजोड बंद केली तेव्हा ती मागल्या दाराने आली. फिर्यादी पिंजऱ्यात उभा राहून म्हणे, अंधार होता, मारणारे ओळखता आले नाहीत. उलटतपासणीची परवानगी मागून मी त्याचाच जबाब त्याला वाचून दाखवीत असे. तो माझ्याकडे न पाहता खाली पाही. ऊसतोडीची उचल कोणाची घेतली आहे, घराकडे जाणारी वाट कोणाच्या बांधावरून जाते, हे कागदावर कोठेच नसे. 2015 ची दुरुस्ती 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली, तिने प्रथमच पीडित आणि साक्षीदार यांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण घातले. त्यांना संरक्षण, प्रवासखर्च, आणि जामिनाच्या सुनावणीस बोलण्याचा अधिकार मिळाला. गंभीर गुन्ह्यात ‘जातीच्या कारणावरून’ हे शब्द जाऊन ‘जात ठाऊक असून’ हे शब्द आले. ज्यांनी हे खटले चालविले आहेत त्यांनाच या दोन शब्दांतले अंतर समजेल. मनातले कारण सिद्ध करणे कर्मकठीण. लहान गावात कोणाची जात कोणास ठाऊक नसते?

2021 साली लोणी काळभोरचे पोलीस ठाणे पुणे ग्रामीणमधून निघून शहर आयुक्तालयात गेले. उपअधीक्षकाच्या जागी आता साहाय्यक आयुक्त तपास करतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात रामावतार विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वाद मुळात खाजगी स्वरूपाचा असेल, तर वरिष्ठ न्यायालयांना समेट मान्य करून अत्याचार कायद्याखालचा खटलाही रद्द करता येईल. मात्र फिर्यादीवर दडपण नाही, याची फार काळजीने खात्री करावी. काही प्रकरणांत हे योग्यही असेल. शेताच्या बांधाच्या भांडणास जातीचा रंग देणारेही मी पाहिले आहेत. पण ती खात्री करावयाची कोणी? न्यायाधीशांसमोर पाच मिनिटांसाठी उभ्या राहणाऱ्या माणसाविषयी त्यांना जे ठाऊक असेल ते सरकारी वकिलानेच सांगितलेले असणार. नव्या पिढीतले एक अभियोक्ते मध्यंतरी भेटावयास आले होते. समेटाची पुरसीस पुढे आली की फिर्यादीस बाजूला घेऊन काय विचारावे, असे त्यांनी विचारले. मी त्यांना कागद घ्यावयास सांगितला आणि लिहून दिले: जमीन कोणाची कसतोस, उचल कोणाची आहे, घरची वाट कोठून जाते, पाणी कोठून भरतोस, आणि ही पुरसीस कोणी लिहिली.