एव्हाग्रियसचे आठ कुविचार व त्यांच्या पोथ्यांचा इतिहास

१. पापाचा उगम हातून घडणाऱ्या कृतींत नसून अंतःकरणांत होतो, हा ख्रिस्ती धर्मांतील मूळचा उपदेश असून तो मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांत स्पष्ट आहे. परंतु मनांत शिरणारा कुविचार ओळखावा कसा व परतवावा कसा, याचें शास्त्र इसवी सनाच्या चौथ्या शतकांत मिसर देशांतील अरण्यवासी तपस्व्यांनीं सिद्ध केलें. तें ग्रंथबद्ध करण्याचें श्रेय मुख्यतः एव्हाग्रियस याजकडे जातें. पुढें शिकवण सर्वत्र पसरली व कर्त्याचें नांव मात्र पुसलें गेलें. पोथ्यांच्या शोधकांस व संग्राहकांस हा वृत्तांत उपयुक्त वाटेल, म्हणून तो आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

२. एव्हाग्रियसचा जन्म इ. स. ३४५ च्या सुमारास काळ्या समुद्राच्या दक्षिणेस पाँटस प्रांतीं इबोरा येथें झाला. नाझियान्झसच्या ग्रेगरीनें त्यास डीकनपद दिलें. इ. स. ३८१ च्या धर्मसभेच्या वेळीं तो कॉन्स्टँटिनोपल येथें होता. तेथें एका थोर कुळांतील विवाहित स्त्रीविषयीं त्याच्या मनांत आसक्ति उत्पन्न झाली, म्हणून त्यानें तें नगर सोडिलें, असें त्याचा शिष्य पॅलेडियस सांगतो. जेरुसलेम येथें मेलानिया हिच्या आश्रयास कांहीं काळ राहून तो मिसरांत गेला. प्रथम नित्रिया व नंतर केल्लिया येथें तप करून इ. स. ३९९ मध्यें मरण पावला. लेखनकाम करून तो पोटापुरतें मिळवी व त्याचें अक्षर सुंदर होतें, ही नोंदहि पॅलेडियसचीच आहे.

३. खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खेद, क्रोध, औदासीन्य, कीर्तिलालसा व गर्व हीं त्यानें सांगितलेलीं आठ प्रकरणें होत. यांस तो पापें म्हणत नाहीं. ‘लोगिस्मॉय’ म्हणजे विचार म्हणतो. हा भेद महत्त्वाचा आहे. विचार येणें मनुष्याच्या स्वाधीन नाहीं, त्यास थारा देणें न देणें स्वाधीन आहे, असा त्याचा सिद्धांत. त्याचें निरीक्षणहि सूक्ष्म आहे. लोभ हा सोन्याच्या रूपानें येत नाहीं. लांबणारें म्हातारपण, दुष्काळ, आजार व परान्नाची लाज यांची चिंता होऊन येतो. औदासीन्य भर दुपारीं गांठतें. तेव्हां सूर्य हलत नाहींसा वाटतो, तपस्वी वारंवार खिडकीकडे पाहतो आणि त्यास आपल्या जागेचा वीट येतो. मराठी वाचकास येथें षड्रिपूंची आठवण होईल. परंतु साम्यावरून उसनवारीचें अनुमान काढणें युक्त नव्हे. आपल्यांतील मत्सर या आठांत नाहीं, व या आठांतील खेद व औदासीन्य षड्रिपूंत नाहींत.

४. या कुविचारांच्या प्रतिकारासाठीं त्यानें ‘प्रत्युत्तर’ या अर्थाच्या नांवाचा ग्रंथ रचिला. अरण्यांत मोह घालणाऱ्या सैतानास येशूनें शास्त्रवचनांनींच उत्तरें दिलीं, हा त्यास आधार. ग्रंथाचे भाग आठ व कलमें सुमारें ५००. प्रत्येक कलमांत आधीं कुविचाराचें रूप आणि मग त्यावर उच्चारावयाचें बायबलांतील वचन, अशी रचना आहे. वैद्याच्या वहींत रोगलक्षण व औषध शेजारीं शेजारीं लिहिलेलें असावें, तसा हा प्रकार होय.

५. इ. स. ५५३ च्या सभेच्या सुमारास ओरिजेनच्या मतांबरोबर एव्हाग्रियसचीं मतेंहि निषिद्ध ठरलीं, व पुढील सभांनीं त्या निषेधाचा पुनरुच्चार केला. परिणामीं ‘प्रत्युत्तरा’ची मूळ ग्रीक संहिता नष्ट झाली. सुरियानी व आर्मेनियन भाषांतरें मात्र टिकलीं. नित्रियाच्या अरण्यांतील सुरियानी मठांतून एकोणिसाव्या शतकांत अनेक प्राचीन पोथ्या लंडनास गेल्या. अशा सामग्रीच्या आधारें फ्रांकेनबर्गनें इ. स. १९१२ मध्यें बर्लिन येथें सुरियानी संहिता छापिली. ‘प्रार्थनेविषयीं’ हा त्याचा १५३ कलमांचा ग्रंथ ग्रीकांत वांचला, तो नाइलस या साधूच्या नांवाखालीं. इ. स. १७८२ मध्यें व्हेनिस येथें निघालेल्या प्रसिद्ध संग्रहांतहि तो नाइलसचाच म्हणून छापला गेला. हौशेर यानें इ. स. १९३४ मध्यें तो एव्हाग्रियसचा असल्याचें दाखवून दिलें. पश्चिमेकडे कॅसियननें पांचव्या शतकांत हे आठ दोष लॅटिन मठांत नेले, पण गुरूचें नांव घेतलें नाहीं. सहाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या ग्रेगरीनें गर्वास सर्वांचें मूळ मानून बाकीचे सात मोजिले व त्यांत मत्सर घातला. अशा रीतीनें ‘आठ विचारां’चीं पुढें ‘सात पापें’ झालीं, व विचार आणि पाप यांमधील तो नाजूक भेद लोकव्यवहारांत अंधुक झाला.

६. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पोथीच्या मथळ्यावरील नांव हा कर्तृत्वाचा अखेरचा पुरावा नव्हे. कित्येकदां तें ग्रंथ वांचविण्यासाठीं पांघरलेलें कवच असतें. तसेंच परभाषेंतील भाषांतर हें दुय्यम साधन म्हणून टाकून देतां येत नाहीं, कारण मूळ नष्ट झाल्यावर तेंच मूळाची साक्ष देतें. केवळ ग्रीक पोथ्यांवर विसंबलों असतों, तर मनाच्या राखणीचा हा पहिला व्यवस्थित ग्रंथ आज आपल्या हातीं नसता. आणि ज्यानें मोहास शरण न जातां नगर सोडिलें, तो आपल्यास केवळ एक निषिद्ध नांव म्हणून ठाऊक राहिला असता.