चांदीच्या ताटाचा लांबचा प्रवास



आपल्या दिंद्रुडकडे लेकीला हौसेने चांदीची ताट-वाटी देतात. पण आपल्याकडे चांदीच्या खाणी नाहीत. मग पूर्वी एवढी चांदी आली कुठून?

१५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेत, आजच्या बोलिव्हियातल्या पोटोसीच्या डोंगरात चांदी सापडली. स्पॅनिश राज्यकर्त्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांना पाळीपाळीने, सक्तीने खाणीत उतरवले. कारागीर चांदीचा पत्रा ठोकून ताटे-पेले घडवत, वर उठावाची नक्षी काढत. १६२२ मध्ये फ्लोरिडाजवळ बुडालेल्या ‘आतोचा’ जहाजातला चांदीचा मोठा साठा १९८५ मध्ये सापडला. त्यात अशी भांडीही होती.

बरीच चांदी मात्र नाणी होऊन सुरतेला येई. तिथल्या मोगल टांकसाळीत ती आटवून रुपये पाडत. स्पॅनिश आठ रियालचे नाणे सुमारे २७ ग्रॅमचे, रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा. म्हणजे एका नाण्याचे दोन रुपये आणि वर थोडे. इंग्रज कंपनीला कर्ज देणारे सुरतेचे जैन सावकार विरजी व्होरा याच काळातले. पुढे रुपये आटवून सोनार भांडी घडवत. एकदा आटली की चांदी कुठली, हे नुसते पाहून ओळखू येत नाही.

आपल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव कोरलेले असते, खणणाऱ्याचे कधीच नसते. ताटात काय वाढले हे आपण बारकाईने पाहतो. ताट कोणाच्या कष्टाचे, हाही अहिंसेचाच प्रश्न आहे. म्हणून जुने भांडे मोडीत घालण्याआधी त्याची हकीकत लेकी-सुनांना जरूर सांगा.