परीक्षा उत्तीर्ण, तरी सनद नाही : कॉर्नेलिया सोराबजी आणि वकिलीचे बंद दार

१/
वकिलीची परीक्षा अवघड असते, हे आपण ऐकून असतो. पण परीक्षा उत्तीर्ण होऊनही सनद नाकारली जावी, असा एक काळ होता. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या एका स्त्रीने कायद्याच्या तीन परीक्षा दिल्या. तरीही सनदेसाठी त्यांना पन्नाशी ओलांडावी लागली. हा धागा कॉर्नेलिया सोराबजी यांच्यावर आणि ओघाने आपल्या परभणीवर.

२/
आधी एक गोष्ट स्पष्ट करू. पदवी वेगळी आणि सनद वेगळी. पदवी विद्यापीठ देते. न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार सनदेने मिळतो. इंग्रजी अमलात प्रत्येक उच्च न्यायालय आपल्या वकिलांची यादी आपणच ठेवी आणि नियमही आपणच ठरवी. बॅरिस्टर, ॲडव्होकेट, वकील, प्लीडर अशा पायऱ्या होत्या आणि प्रत्येकीची वाट वेगळी होती.

३/
परभणी त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. मुंबई किंवा कलकत्त्यातील नियम इथे लागू नव्हते. इथली न्यायालये वेगळी आणि इथल्या अटीही वेगळ्या. त्यांच्याकडे पुढे वळू.

४/
कॉर्नेलिया यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा. वडील सोराबजी खरसेटजी पारशी कुटुंबातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवीत. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकल्या. पदवी परीक्षेत त्या अग्रभागी राहिल्या, आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर म्हणून त्यांची नोंद झाली.

५/
अशा गुणवंतास इंग्लंडमधील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळे. ती त्यांना नाकारण्यात आली. कारण एकच : उमेदवार स्त्री होती. त्यांनी काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापन केले. पुढे इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमवली. देणगीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचेही नाव आहे. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या.

६/
तिथे त्यांनी ‘बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ’ म्हणजेच बी.सी.एल. हा अभ्यासक्रम निवडला. यापूर्वी कोणत्याही स्त्रीने ही परीक्षा दिली नव्हती. १८९२ मध्ये पुरुष विद्यार्थ्यांसोबत परीक्षेस बसू द्यावे, यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. त्या बसल्या आणि उत्तीर्ण झाल्या. परंतु श्रेणी मिळाली तिसरी. पदवी मात्र मिळालीच नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदव्या देत नव्हते.

७/
मायदेशी परतल्यावर त्यांनी आपले कार्यक्षेत्र निश्चित केले : पडदानशीन स्त्रिया. जमीनदार आणि संस्थानिक घराण्यांतील या विधवा व वारसदार स्त्रिया परपुरुषासमोर येत नसत, आणि वकील तर सगळे पुरुष. म्हणजे मालमत्तेचा हक्क कागदावर असूनही तो मांडणारे तोंड त्यांना नव्हते. कारभाऱ्याने लुबाडले, तर दाद मागायची कोणाकडे?

८/
काठियावाड आणि इंदूर येथील इंग्रज एजंटांपुढे अशा स्त्रियांची बाजू मांडण्याची खास परवानगी कॉर्नेलिया यांना मिळाली. ती सवलत होती, अधिकार नव्हता. इंग्रजी न्यायालयात सनदेवाचून त्यांचे ज्ञान निरुपयोगी ठरत होते. म्हणून त्यांनी पुन्हा पुस्तके उघडली.

९/
१८९७ : मुंबई विद्यापीठाची एल्एल.बी. परीक्षा, उत्तीर्ण.
१८९९ : अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा, उत्तीर्ण.
सनद : नाही.
विद्यापीठाने प्रश्नपत्रिका दिली, न्यायालयानेही दिली. उत्तरे दोघांनाही मान्य झाली. तरी वकिलांच्या यादीत स्त्रीचे नाव लिहिण्यास कोणी तयार नव्हते.

१०/
इथे थोडे थांबू. अपयशाचे दोन प्रकार असतात. एकात आपली तयारी अपुरी पडते. त्यावर अभ्यास हा उपाय आहे. दुसऱ्यात तयारी पुरेशी असते, नियम अपुरा असतो. कॉर्नेलिया पहिल्या प्रकारचा उपाय दुसऱ्या प्रकारच्या अडचणीवर करीत राहिल्या. आक्षेप त्यांच्या ज्ञानावर कधी नव्हताच, त्यामुळे कितीही गुण मिळवून तो फिटणारा नव्हता.

११/
मग त्यांनी वाट बदलली. त्या सरकारकडे पाठपुरावा करीत राहिल्या आणि १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये स्त्री साहाय्यक म्हणून नियुक्त झाल्या. पुढील सुमारे वीस वर्षांत बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम या प्रांतांतील सहाशेहून अधिक स्त्रिया व अनाथ मुलांना त्यांनी कायद्याचे साहाय्य केले. सनदेशिवाय.

१२/
तिकडे इतर स्त्रियाही दार ठोठावीत होत्या. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने फेटाळला. १८७९ च्या वकिलीविषयक कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री येते का, हा तिथला वाद. न्यायालयाचे उत्तर ‘नाही’ असे होते. १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांनाही पाटण्यात तेच उत्तर मिळाले.

१३/
आणि त्याच वर्षी, ऑगस्ट १९२१ मध्ये, अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव वकिलांच्या यादीत घेतले. १८९९ मध्ये त्यांची परीक्षा घेणारे न्यायालय हेच. परीक्षा आणि सनद यांत २२ वर्षे गेली. उमेदवार तीच होती. बदलला होता काळ.

१४/
पुढचे टप्पे भराभर आले. १९२२ मध्ये ऑक्सफर्डने तीस वर्षे अडवलेली पदवी दिली. १९२३ च्या कायद्याने, केवळ स्त्री आहे म्हणून वकिली नाकारता येणार नाही, असे ठरले. मिठन टाटा मुंबई उच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री वकील झाल्या. १९२४ मध्ये कॉर्नेलिया कलकत्त्यात वकिली करू लागल्या; वय ५७. पण दार उघडले म्हणून आतली माणसे बदलत नाहीत. त्यांच्या वाट्याला युक्तिवादापेक्षा लेखी सल्ल्याचेच काम अधिक आले. १९२९ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि १९५४ मध्ये लंडनला निवर्तल्या.

१५/
मग आपल्याला त्या फारशा का ठाऊक नाहीत? एक कारण त्यांच्या राजकारणात आहे. त्या इंग्रजी राज्याच्या समर्थक होत्या आणि गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. कॅथरिन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ या वादग्रस्त पुस्तकाचीही त्यांनी पाठराखण केली. त्यांची मते न पटणे शक्य आहे; त्यासाठी त्यांचा लढा विसरण्याचे कारण नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळाव्या लागतात.

१६/
आता परभणी. इथल्या दारावरची अट भाषेची होती. हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात न्यायालयांची भाषा फारशीऐवजी उर्दू झाली. मराठी घरातील मुलाला वकील व्हायचे, तर कायद्याआधी ती भाषा कमवावी लागे. पक्षकाराला आपल्याच खटल्यातील कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात जन्मलेले केशवराव कोरटकर हे कॉर्नेलिया यांच्याच पिढीतले. वकील म्हणून नावारूपाला येऊन ते पुढे हैदराबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. हैदराबादेत विवेकवर्धिनी ही शाळा उभारण्यातही त्यांचा पुढाकार होता. दार ओलांडलेल्या माणसाने शिक्षणाकडे वळावे, हे मला फार बोलके वाटते.

१७/
स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने जुन्या पायऱ्या मोडून देशभर ‘ॲडव्होकेट’ हा एकच वर्ग ठेवला. २०११ पासून पदवीनंतर अखिल भारतीय बार परीक्षाही आली. ती घेण्याचा बार कौन्सिलचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केला. ही परीक्षा मराठीतूनही देता येते आणि नापास झाल्यास पुन्हा देता येते.

१८/
परभणीत आज कोणी ती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा देत असेल, तर निकालाचे दुःख खरेच असते. फी, महिने, घरच्यांचे प्रश्न, सगळेच. पण ते अपयश पहिल्या प्रकारचे आहे. त्यावर अभ्यासाचा उपाय चालतो. तो चालावा, यासाठी कोणाला तरी आधी नियमाशी झगडावे लागले होते.

१९/
शेवटी एक विनंती. आपल्या घरी पणजोबा-आजोबांची वकिलीची सनद, उर्दूतील वकीलपत्रे किंवा निकालाच्या नकला असतील, तर त्या रद्दीत घालू नका. वाचता येत नसल्या तरी छायाचित्रे काढून ठेवा. मराठवाड्याच्या न्यायालयांचा इतिहास लिहायचा झाला, तर तो अशाच कागदांतून लिहावा लागेल.

धागा समाप्त.