बेलबागेतला बोळ

मागच्या महिन्यात लक्ष्मी रोडवर माझी आई हरवली. तिच्या मते हरवलो मी होतो. असो.

भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायच्या होत्या. आम्हा मारुंजीकरांना 'गावात' जायचं म्हणजे आधी हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटायचं, मगच पुण्याचं नाव घ्यायचं. पिंपरीहून मेट्रो धरली. २०२४च्या सप्टेंबरपासून ती भुयारातून थेट मंडईला जाते, त्यामुळे आई खूश. मंडईहून शिवाजी रस्त्याने बेलबाग चौकात आलो, दुकानाच्या पायऱ्या चढताना मागे पाहिलं तर आई नाही! वय ७८. तिचा फोन माझ्याच पिशवीत.

पुढची वीस मिनिटं कशी गेली ते लिहीत नाही. शेवटी एक गजरेवाली म्हणाली, "नऊवारीतल्या आजी ना? बेलबागेत गेल्या की!"

मंडळी, या बेलबाग चौकात मी अनंत चतुर्दशीच्या कितीतरी रात्री पाय मोडेपर्यंत उभा राहिलोय. मानाचे गणपती इथूनच जातात. पण चौकाच्या नावातली बाग कुठली, हे कधी विचारलंच नव्हतं. दुकानांच्या मधे एक दार आहे. पाट्या आणि लटकवलेल्या कपड्यांच्या गर्दीत ते दिसत नाही. आत शिरलो. फरसबंदी बोळ. दहा-पंधरा पावलं गेलो आणि हॉर्नचा आवाज मागे राहिला. पुढे अंगण, जुनं देऊळ, आणि पायरीवर चपला शेजारी ठेवून बसलेली आमची आई.

"किती वेळ लावलास? शाळेतून येताना आम्ही इथेच टेकायचो. मोर होते तेव्हा."

रागवायचं ठरवून आलो होतो, ते जमलं नाही. शेजारी बसलो.

देऊळ लक्ष्मी-विष्णूचं. बांधलं नाना फडणविसांनी, १७६५ ते १७६९ या काळात. नाना म्हटलं की आपल्याला आठवतात ते बारभाई कारस्थान, हिशेब आणि साडेतीन शहाण्यांतलं अर्धं शहाणपण! (ते अर्धं का, तर म्हणे तलवार चालवता येत नव्हती.) पण देवळाला सुरुवात झाली तेव्हा हा 'मुत्सद्दी' अवघा २३ वर्षांचा होता, आणि पानिपताला चारच वर्षं झाली होती.

घरी आल्यावर ते सगळं पुन्हा काढून वाचलं. नानांनी स्वतः छोटंसं आत्मचरित्र लिहून ठेवलंय. वडील आधीच गेलेले. भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर ते उत्तरेत गेले, आई आणि बायकोला घेऊन. लढाईबरोबर तीर्थयात्राही घडेल, असा तेव्हाच्या बऱ्याच जणांचा हिशेब होता. म्हणून तर त्या फौजेत बायकामाणसं एवढी. १४ जानेवारी १७६१ला संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. १८ वर्षांचा हा मुलगा अंगावरचे कपडे टाकून, लंगोटी लावून पायी निसटला. बायको पुढे सुखरूप भेटली. आईची भेट पुन्हा झाली नाही.

पुढे नानांनी पुष्कळ बांधलं. वाईजवळचा मेणवलीचा वाडा आणि घाट आपण सिनेमांतही पाहतो. १८०० साली ते गेले, त्यानंतर १८ वर्षांत पेशवाई बुडाली. बेलबाग राहिली. देऊळ त्यांनी आईसाठी बांधलं असं मी म्हणत नाही, तसा कागद मी वाचलेला नाही. पण आता तिथली फरशी आठवली की मला कारभारी नाना दिसतच नाहीत. तो पळणारा मुलगा दिसतो.

आमच्या मारुंजीत सोसायटीला तीन गेट आहेत आणि एकही बोळ नाही. आई संध्याकाळी लिफ्टसमोरच्या बाकावर बसते. बसायला जागा नाही असं मुळीच नाही. पण गेल्या बारा वर्षांत तिथे ती इतकी ऐसपैस बसलेली मी पाहिली नव्हती.

साड्या राहिल्याच. बहिणीने फोनवर झापलं ते वेगळं.

दोन दिवसांनी आईला पानिपतचं सगळं वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती.

"अठरा वर्षांचं पोर," एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळाने, "रविवारी पुन्हा जाऊ या. साड्या आधी घेऊ, म्हणजे मग घाई नको. आणि माझा फोन माझ्याकडे दे."